तेरा अंडी आणि तीन दिवसांचं सुतक

ताई गेली तो मंगळवार होता. सकाळी साडेसहाला तिने खुराड्याचं दार उघडलं. कोंबड्या बाहेर आल्या. तिने त्यांना बाजरी टाकली, आत हात घालून अंडी काढली, पदरात घेतली आणि पायरीवर बसली. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती भिंतीला टेकली होती. मी हाक मारली. पुन्हा मारली. शेजारीण आली, मग डॉक्टर आले. आठ वाजता त्यांनी सांगितलं.

तिला उचलायच्या आधी शेजारणीने तिच्या पदरातली अंडी काढून माझ्या हातात दिली. तीन होती. मी ती घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि बाजरीच्या डब्यात, आधीच्या दहा अंड्यांशेजारी ठेवली. त्या दिवशी मी स्वतःहून केलेलं तेवढंच एक काम मला नीट आठवतं. बाकीचं सगळं लोकांनी केलं.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. अकरा वर्षांपूर्वी मेव्हणे गेले, तिचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला, आणि निफाडच्या बाजूचं ते मोठं घर तिला एकटीला खायला उठलं. मी शाळेत ग्रंथपाल होते. लग्न केलं नव्हतं. नाशिकला सातपूरच्या मागच्या एका वसाहतीत छोटं घर घेतलं होतं, त्याला मागे पंधरा पावलांचं अंगण, अंगणात एक शेवगा. ताई आली ती एक पत्र्याची पेटी आणि डालग्यात घातलेली एक कोंबडी घेऊन. एसटीत कंडक्टर म्हणाला, कोंबडीचं तिकीट लागेल. ताई म्हणाली, "मग तिला खिडकीची जागा द्या." ही गोष्ट ती दर वर्षी दोनदा तरी सांगायची आणि दर वेळी कंडक्टर थोडा जास्त चिडलेला असायचा.

खुराडं शेजारणीच्या नवऱ्याने करून दिलं. तो कारखान्यात कामाला आहे. तिथे यंत्रांचे भाग ज्या लाकडी खोक्यांतून येतात त्यांच्या फळ्या त्याने आणल्या. एका फळीवर अजून बाणाची खूण आहे, वरची बाजू दाखवणारी. तो बाण आता खाली बघतो.

एका कोंबडीच्या पुढे चार झाल्या; कोंबडा मात्र मागच्या गल्लीतला, कुंपणावरून यायचा. मला कोंबड्यांतलं काही कळत नव्हतं. मी पुस्तक घेऊन पायरीवर बसायचे आणि ताई माझ्यासमोर आपलं काम करायची, हा आमचा रोजचा सहवास. बोलणं कमीच. तिचं शिक्षण सातवीपर्यंत झालेलं, पण तिच्या कामाला एक पद्धत होती आणि ती पद्धत माझ्या पेन्सिलीवर चालायची. मी पुस्तकात खुणेला ठेवलेली पेन्सिल ती न विचारता काढून न्यायची आणि दर अंड्यावर वाराचं पहिलं अक्षर लिहायची. सो, मं, बु. खायला काढताना आधीचं आधी निघावं म्हणून, आणि कोंबडी खुडूक झाली, अंडी देणं थांबवून घरट्यात बसू लागली, की तिच्याखाली ठेवायची अंडी शिळी नसावीत म्हणून. दहा दिवसांवरचं अंडं रवणीला चालत नाही, असं ती म्हणायची. रवणीला बसवणं म्हणजे कोंबडीला अंडी उबवायला बसवणं. माझी मऊ, काळी पेन्सिल होती; अक्षरं जाड उमटायची.

गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी, सोमवारी, तिने डबा उघडून अंडी मोजली. तांबडी कोंबडी दोन दिवस अंग फुगवून कुटकुट करत फिरत होती. ताई म्हणाली, "दहा आहेत. उद्याची मिळाली की तेरा होतील. बुधवारी बसवते तिला. होळीपर्यंत पिल्लं बाहेर येतील, उन्हाच्या आत मोठी होतील." मी वाचत होते. मी "हं" म्हणाले.

मंगळवारच्या तीन अंड्यांवर अक्षर लिहायचं राहिलं होतं.

वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, त्याच दुपारी गावाहून आल्या. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. आता आमच्या माहेरचं मोठं माणूस म्हणजे वहिनीच. त्यांच्या गळ्यात माळ आहे. त्यांच्या घरात अंडं येत नाही, कोंबड्याही पाळत नाहीत. भाचा संध्याकाळी पुण्याहून पोचला. नदीवरचं सगळं उरकून आम्ही परतलो तेव्हा वहिनींनी पुढच्या खोलीत पिठाच्या थराशेजारी दिवा लावून ठेवला होता. तेरा दिवस घरात पूजा नाही, गोड नाही, नवं काही सुरू करायचं नाही. हे कोणी बोलून ठरवलं नाही.

बुधवारी सकाळी शेजारीण मागच्या दाराने आली. ती येवल्याकडची. मला ती 'बाई' म्हणते आणि ताईला 'मोठ्या बाई' म्हणायची.

"बाई, तांबडी रिकाम्या घरट्यात बसलीय. हात घातला तर चोच मारती."

"असू दे," मी म्हणाले.

"असू दे कसं? मोठ्या बाई आज बसवनार व्हत्या तिला. मला बोलल्या व्हत्या. अंडी हायेत ना?"

आतून वहिनींचा आवाज आला, "काय बसवणार?"

"कोंबडी, वैनी. अंड्यांवर."

"माणूस जाऊन एक दिवस झाला नाही, आणि घरात पिल्लं काढायची?" वहिनी दारात आल्या. "तेरा दिवस होऊ द्या. कोंबडी काय पळून चालली?"

"कोंबडी नाय पळत. अंडी मरत्यात."

"अंडी कशी मरतील? अंड्यात कुठे जीव आहे?"

"मंग तुमी खात का नाय?"

पुढच्या खोलीत भाचा भिंतीला पाठ लावून बसला होता. त्याचे केस नुकतेच उतरवलेले. तो हसला, आणि हसल्याबद्दल त्याने लगेच मान खाली घातली. वहिनींना मात्र हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, "माझी माळ मध्ये आणू नकोस."

"नाय आनत. पन तांबडीला काय सुतक हाय का?"

"कोंबडीला नाही. तिला बसवणाऱ्या हाताला आहे."

"माझ्या हाताला नाय. मी तुमच्या भावकीतली नाय."

"दिवा या घरात आहे ना? मग झालं तर."

शेजारीण माझ्याकडे बघत राहिली. मला वाद घालता येत नाही. ती गेल्यावर मी डबा उघडला. सगळ्यांत जुन्या अंड्यावर 'बु' होतं, म्हणजे बरोबर आठवड्याचं. तेरावा होईपर्यंत ते अठरा दिवसांचं झालं असतं, आणि ताईने पदरात घेतलेली ती तीनसुद्धा दहाच्या पलीकडे गेली असती. तोवर तांबडीची खुडूकही मोडली असती. मग त्या अंड्यांचं आम्ही ऑम्लेट केलं असतं, किंवा टाकून दिली असती. ताईच्या हातून सुरू झालेलं या घरातलं शेवटचं काम ते होतं. दुसरं काही अर्धवट राहिलेलं नव्हतं. तिने शिवण संपवलं होतं, पापड वाळवून डब्यात भरले होते.

वाद घालता येत नाही, पण शोधता येतं. त्या दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा मी पंचांग काढलं. मागच्या पानांवर सुतकाचे नियम बारीक अक्षरांत दिलेले असतात. नोकरीच्या काळात अशी बारीक अक्षरं वाचण्यातच माझे डोळे गेले. कोण गेलं तर कोणाला किती दिवस, असं ओळीने दिलेलं होतं. आईवडील, मुलगा, भाऊ, चुलते. मग विवाहित बहीण. विवाहित बहीण आपल्या घरी वारली तर तीन दिवस. दुसरीकडे गेली तर त्याहूनही कमी.

आधी मला बरं वाटलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार. शुक्रवारी कोंबडी बसवता येईल.

मग मी ती ओळ पुन्हा वाचली.

लग्न झालं की मुलगी त्या घरची होते, आणि तिचं दुःखही त्याच घराच्या नावाने मोजतात, एवढाच त्या ओळीचा अर्थ. मला तो माहीत नव्हता असं नाही. ज्या घरात मेव्हण्यांनंतर तिला करमलं नाही त्या घराचे तेरा दिवस, आणि जिथे तिने अकरा वर्षं माझ्याबरोबर सकाळचा चहा घेतला तिथले तीन. मी पंचांग मिटलं, पुन्हा उघडलं, पानात खूण घातली आणि वहिनी उठायची वाट बघत बसले.

वहिनींनी चष्मा लावून ते वाचलं. वाचायला त्यांना वेळ लागला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "माझंही तेवढंच. तेरा याचे." त्यांनी भाच्याकडे मान वळवली. मग चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही तीनच दिवसांच्या का हो त्यांच्या, वन्सं?"

त्या टोमणा मारत होत्या की खरंच विचारत होत्या, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. त्या उत्तराची वाट बघत होत्या. भाचाही बघत होता.

मी म्हणाले, "हो."

मग भाचा म्हणाला, "मामी, आईने बसवलीच असती."

"तुझी आई काय, देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी कोंबड्यांना दाणे टाकायची," वहिनी म्हणाल्या. "बसवा. पुढच्या खोलीत याचं सुतक आणि मागच्या अंगणात तुमचं नाही. असं घर मी पहिल्यांदा बघतेय. पण मग तिसऱ्या दिवशी नेमाने धुणं झालं पाहिजे. अर्धवट चालायचं नाही."

गुरुवारी वहिनींनी मागचं सगळं घर काढलं. अंथरुणं, पडदे, फडताळं, डबे. साठी ओलांडलेली बाई सकाळपासून कंबर कसून उभी होती. मला त्यांनी डोक्यावरून अंघोळ करायला पाठवलं. मी बाहेर आले तेव्हा अंगणात उन्हात एक टॉवेल पसरला होता आणि त्यावर तेरा अंडी वाळत होती. ओली होती. चकाकत होती.

"अंड्यांना काळंकाळं लागलेलं होतं," वहिनी म्हणाल्या. "राख लावून घासली एकेक. वर गोमूत्र शिंपडलं. माळ गळ्यात असून अंड्याला हात लावला बरं का मी. थोरल्या वन्संची होती म्हणून."

त्यांचे हात राखेने पांढरे झाले होते. शेजारीण कुंपणापलीकडून बघत होती. तिने कपाळावर हात मारला आणि तोंड उघडलं. मी मान हलवून तिला थांबवलं.

अंड्याच्या कवचावर एक पातळ लेप असतो. दिसत नाही. तो आतल्या जिवाला बाहेरच्या जंतूंपासून राखतो. रवणीची अंडी म्हणूनच धुवायची नसतात, घाण असली तर कोरड्या फडक्याने हलकेच टिपायची. हे मी कुठेतरी वाचलं होतं, आणि ताईला न वाचता माहीत होतं. तीन दिवसांचं सुतक मी मागून घेतलं नसतं तर ते धुणं तेराव्याला झालं असतं, आणि तोवर अंडी अशीही गेली असती. म्हणजे दोन्हीकडून सारखंच. असा हिशोब मी बराच वेळ मांडत राहिले.

वहिनींना म्हणाले, "बरं केलंत."

शुक्रवारी सकाळी शेजारीण आणि मी मिळून तांबडीला बसवलं. डालग्यात गव्हाचं काड, मध्ये खळगा. काडाच्या तळाशी एक लोखंडी खिळा, कोळशाचा तुकडा आणि एक लाल मिरची, कारण वीज कडाडली तर अंडी बिघडतात असं म्हणतात आणि लोखंड जवळ असलं की बिघडत नाहीत. याला पुस्तकात आधार नाही. तरी खिळा मी स्वतः शोधून आणला. तांबडी अंड्यांवर चढली, चोचीने दोन-तीन आत ओढली, पंख पसरले आणि खाली बसली. तिचे डोळे अर्धे मिटले. तिला अंडी धुतलेली आहेत की नाहीत याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

"व्हतील," शेजारीण म्हणाली.

"किती?"

"ते तिला ठावं."

फाल्गुन होता. सकाळी थंडी असायची आणि अकरा वाजता शेवग्याची सावली हवीशी वाटायची. दहावा झाला, तेरावा झाला. वहिनी गावी गेल्या. द्राक्षांची काढणी चालू होती, त्यांना राहता येत नव्हतं. भाच्याने दोन दिवस जास्त काढले आणि जाताना म्हणाला, "मावशी, चल पुण्याला. कोंबड्या शेजारी देऊन टाक."

"एकवीस दिवस होऊ देत," मी म्हणाले.

"मग?"

"मग बघू."

कोंबडी बसवल्याच्या सातव्या दिवशी मी भर दुपारी मोरीचं दार लावून, फटीला टॉवेल लावून अंधार केला आणि एकेक अंडं मोबाइलच्या उजेडावर धरलं. ज्यात जीव धरलेला असतो त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. चार अंडी नितळ निघाली. ती मी बाजूला केली. नऊ उरली. चौदाव्या दिवशी डालग्याला वास येऊ लागला. तीन नासली होती. एक माझ्या हातातच फुटलं आणि तो वास दोन दिवस बोटांना राहिला. सहा उरली. तेव्हापासून मी उजेडावर धरणं सोडलं. बघितल्याने काही वाढणार नव्हतं.

होळीच्या नंतरच्या शुक्रवारी सकाळी तांबडीच्या पोटाखालून आवाज आला. मी पायरीवर होते, हातात पुस्तक होतं, आणि कितीतरी दिवसांनी मी खरोखर वाचत होते. आधी वाटलं चिमणी असेल. मग पुन्हा आला. मी हात घातला, तांबडीने चोच मारली, आणि माझ्या हाताला ओलं, गरम, हलणारं काही लागलं.

शनिवारी दुपारपर्यंत चार पिल्लं झाली. दोन अंड्यांत जीव पूर्ण होऊन आतच गेला होता. चारही फुटलेली कवचं मी उजेडात नीट बघितली. एकावर 'शु' होतं, अगदी पुसट, राख तिथवर नीट पोचली नसावी. बाकीची तीन कोरी होती. ती मंगळवारची की अक्षर घासून गेलेली, ते कळायला मार्ग नव्हता. 'शु'चं कवच मी पेन्सिलींच्या डब्यात ठेवलं.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "तेरातून चार?"

"चार."

"आईला नऊ-दहाच्या खाली चालत नव्हतं." मग म्हणाला, "चार पुष्कळ झाली, मावशी." पुण्याचं त्याने त्या दिवशी काही काढलं नाही.

पुढचं वर्ष मी कोंबड्यांच्या मागे काढलं. दुसरं काही केलं असं म्हणता येणार नाही.

चैत्रात घार आली. एक पिल्लू गेलं, शेवग्याच्या खोडापासून दोन हातांवरून, माझ्या डोळ्यांदेखत. मी ओरडले तेव्हा ती छपरापलीकडे गेली होती. शेजारीण म्हणाली, "बाई, घारीला पुस्तक फेकून मारायचं व्हतं." आम्ही दोघींनी मिळून अंगणावर दोरी बांधली आणि ताईच्या दोन जुन्या साड्या आडव्या ताणल्या. त्या साड्या कोणाला द्यायच्या हा प्रश्न माझ्याकडे तसाच पडून होता. वैशाखभर अंगणात हिरवा आणि जांभळा उजेड पडायचा आणि पिल्लं त्यातून इकडेतिकडे फिरायची.

मे महिन्यात कोंबड्या चोची उघड्या ठेवून, पंख अंगापासून सोडून उभ्या राहायच्या. मी खुराड्यावर ओलं गोणपाट टाकायचे, दुपारी दोनदा भिजवायचे, मातीच्या परळातलं पाणी बदलायचे. एकदा वळवाबरोबर गारा आल्या. पत्र्यावर एवढा आवाज झाला की मला स्वतःचं बोलणं ऐकू येईना, आणि मी बोलत होते, कोंबड्यांशी, "आत या, आत या" असं. तीनही पिल्लं, आता चांगली पारव्याएवढी झालेली, तांबडीच्या पंखाखाली जाऊ बघत होती आणि त्यांची मागची बाजू बाहेर राहत होती. संध्याकाळी वहिनींचा फोन आला. त्यांचा काढून ठेवलेला कांदा भिजला होता. तो झाकायला धावताना त्यांचा पाय मुरगळला होता. फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "पिल्लं कशी आहेत?" मी म्हणाले, "तिन्ही बरी आहेत." "घातलंत ना त्यांना आत?" त्यांनी विचारलं.

पावसाळा मला सगळ्यांत अवघड गेला. नाशिकचा पाऊस कोसळत नाही, तो रेंगाळतो. आठवडाच्या आठवडा कोंबड्यांच्या पायाखालचं काही वाळत नाही. मी भाताचं तूस आणून टाकायचे, दुसऱ्या दिवशी ते चिखल व्हायचं. श्रावणात एका पिल्लाच्या विष्ठेत रक्त दिसलं. पशुवैद्यकीय दवाखान्यात औषध मिळालं, पाण्यातून द्यायचं. ते पिल्लू चार दिवस खांदे पाडून कोपऱ्यात उभं राहिलं आणि पाचव्या दिवशी दाणे टिपायला आलं. तेव्हा कळलं की तो कोंबडा आहे, कारण बरा झाल्या झाल्या तो दुसऱ्याला चोच मारू लागला. भाद्रपदात त्याला आवाज फुटला. शेजारणीचा नवरा कुंपणाशी येऊन म्हणाला, "बाई, तुमच्या कोंबड्याला सांगा, या आठवड्यात मी थर्ड शिफ्टला आहे. सकाळी झोपतो."

"त्याला शिफ्ट कळत नाही," मी म्हणाले.

"मग त्याला बदलीवर पाठवा. येवल्याला."

माझ्या लक्षात आलं की मी मोठ्याने हसले.

दिवाळीनंतर आजूबाजूला मानमोडीची साथ आली. या रोगात कोंबडीची मान वाकडी होते, ती गोल फिरते आणि दोन-तीन दिवसांत जाते. पिल्लांच्या डोळ्यांत लसीचा थेंब मी वेळेवर घातला होता, पुढची लसही टोचून आणली होती. तारखा वहीत लिहून ठेवल्या होत्या. मोठ्या कोंबड्यांनाही ती पुन्हा टोचावी लागते हे माझ्या वहीत नव्हतं. ताईच्या डोक्यात होतं. आधी दोन्ही काळ्या कोंबड्या गेल्या. मग तांबडी. शेवटच्या दिवशी तिची मान पाठीकडे वळली होती आणि ती तशीच दाण्यांकडे येऊ बघत होती. मी तिला मांडीवर घेतलं. याआधी मी एकही कोंबडी मांडीवर घेतली नव्हती. शेवग्याखाली खड्डा शेजारणीने खणला. म्हणाली, "बाई, बसा तुमी. मी करते."

त्या रविवारी भाचा आला होता. त्याने पुण्याचं पुन्हा काढलं. खोली आहे, ग्रंथालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मी म्हणाले, "साथ संपू दे." तो हसून म्हणाला, "आधी एकवीस दिवस, आता साथ. मावशी, तू येणार नाहीस, हो ना?" मी खुराड्याचं दार लावत होते. म्हणाले, "नाही रे." ते म्हणायला मला नऊ महिने लागले होते.

डिसेंबरात थंडी पडली. निफाडला पारा किती खाली गेला ते पेपरात पहिल्या पानावर यायचं. मी खुराड्याला गोणपाटं शिवून लावली आणि एक पिवळा दिवा सोडला. तांबडीच्या दोन मुली, म्हणजे दोन्ही तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या, आणि साथीतून वाचलेली जुनी कबरी, अंगं चिकटवून बसायच्या. कोंबडा वेगळा, फळीवर, त्या उलट्या बाणाच्या वर. संक्रांतीच्या सुमाराला एका तलंगेने पहिलं अंडं दिलं. लहान होतं, लिंबाएवढं, आणि टोकाला रक्ताची रेघ. मी ते पुसलं नाही. पेन्सिल पुस्तकातून काढली आणि त्यावर 'गु' लिहिलं.

वर्षश्राद्धाला वहिनी आल्या. भाच्याचं सगळं झाल्यावर, जेवणं आटोपल्यावर, त्या माझ्याबरोबर मागच्या पायरीवर येऊन बसल्या. मी अंडी गोळा केली, दोन होती, आणि त्यांच्यासमोरच लिहायला लागले. त्या बघत राहिल्या.

"हे काय लिहिता?"

"वार. कधीचं आहे ते कळायला."

"थोरल्या वन्सं लिहायच्या?"

"हो."

शेजारीण कुंपणाशी कपडे वाळत घालत होती. तिचे हात थांबले.

वहिनींनी माझ्या हातातलं अंडं घेतलं. माळ गळ्यात होतीच. त्यांनी अंगठा त्या काळ्या अक्षराजवळ नेला, लावला नाही. "त्या तेरांवर पण होतं?" त्यांनी विचारलं.

"काहींवर," मी म्हणाले. "तीन अंड्यांवर नव्हतं."

त्यांनी हात खाली घेतला. अंडं त्यांच्या मांडीवर, पदरात होतं. कोंबडा येऊन त्यांच्या पायाच्या बोटाला चोच मारून गेला आणि त्यांनी पाय मागे घेतला नाही. मग त्या म्हणाल्या, "वन्सं, मी तेव्हा ते तीन दिवसांचं बोलले."

"पंचांगात तसंच आहे, वहिनी."

"असू दे पंचांगात," त्या म्हणाल्या, आणि अंडं परत माझ्या हातात दिलं.

त्यालाही आता काही महिने झाले. कबरी आहे, दोन तलंगा आहेत, एक कोंबडा आहे. पेन्सिलींच्या डब्यात एक कवच आहे. बाजरीच्या डब्यात आज सात अंडी आहेत आणि सातांवर वार लिहिलेले आहेत.